‘वारिस’ आणि ‘जानशीन’ : एका तहातील दोन शब्द

अठराव्या शतकात मराठी सत्ता उत्तरेकडे पसरू लागली तेव्हा चाकरीच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, सागर, झाशी व नागपूर येथे जाऊन स्थिरावली. आपल्या ज्ञातीतील कित्येक घराणी त्यांपैकीच होत. त्यांच्या पुढल्या पिढ्यांची घरातील भाषा मराठी आणि बाहेरील भाषा हिंदी अशी झाली. अशा घरांतून जुन्या सनदा, दत्तकपत्रे व वारशासंबंधीचे कागद अजूनही जपून ठेवलेले आढळतात. मूळ कागद फारसीत किंवा मोडीत, त्याचे भाषांतर इंग्रजीत, आणि आता मुलानातवंडांना समजावे म्हणून त्या इंग्रजीचे पुन्हा हिंदी अथवा मराठी, असा या कागदांचा प्रवास झालेला आहे. या प्रवासात शब्द तेच राहतात आणि अर्थ मात्र हळूच बदलतो. राज्यपद व वारसा यांविषयीच्या शब्दांच्या बाबतीत हा बदल किती महाग पडतो, हे काही उदाहरणांनी दाखवावे असे आम्ही योजिले आहे.

इंग्रजी-हिंदी कोश उघडला असता ‘एअर’ या शब्दापुढे ‘उत्तराधिकारी’ असा अर्थ मिळतो, आणि ‘सक्सेसर’ या शब्दापुढेही ‘उत्तराधिकारी’ हाच अर्थ मिळतो. मराठीत आपण दोहोंनाही ‘वारस’ म्हणून मोकळे होतो. परीक्षेपुरते एवढे ज्ञान पुरते. परंतु एअर म्हणजे ज्याला मृताची मालमत्ता कायद्याने पोचते तो, आणि सक्सेसर म्हणजे जो मागाहून त्या जागी येतो तो. बाप मेला की मुलगा त्याच्या घराचा वारस होतो. तो त्याच्या कचेरीतील हुद्द्याचा वारस होत नाही. तेथे दुसराच कोणी येऊन बसतो. राजाच्या बाबतीत मात्र घर आणि हुद्दा एकाच आसनावर बसलेले असतात, आणि म्हणूनच तंटा उपस्थित होतो.

हा भेद ज्यांना ठाऊक नाही ते ‘एअर अपॅरंट’ आणि ‘एअर प्रिझम्प्टिव्ह’ या दोन्ही शब्दांचा अर्थ ‘युवराज’ असाच करतात. हिंदी वृत्तपत्रे तर नेहमीच करीत आली आहेत. पहिला शब्द अशा वारसाचा की ज्याचा हक्क दुसऱ्या कोणाच्या जन्माने जात नाही. दुसरा अशाचा की ज्याचा हक्क आज जवळचा असला तरी उद्या एखादे मूल जन्मले तर संपतो. इंग्लंडची दुसरी एलिझाबेथ १९५२ साली राणी झाली तोवर दुसऱ्या प्रकारचीच वारस होती, कारण त्या वेळच्या नियमाप्रमाणे तिच्या वडिलांना पुत्र झाला असता तर तिचा हक्क मागे पडला असता. तिचा मुलगा चार्ल्स मात्र १९५२ पासून २०२२ पर्यंत, म्हणजे तब्बल सत्तर वर्षे, पहिल्या प्रकारचा वारस होता.

आपल्या इतिहासात या दुसऱ्या प्रकाराचे याहून ठसठशीत उदाहरण आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. त्यांना पुत्र नव्हता, तेव्हा चुलते रघुनाथराव यांनी पेशवाईची वस्त्रे घेतली. परंतु नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. बारभाईंनी तिला पुरंदरावर नेऊन ठेविले आणि जन्माला न आलेल्या मुलाच्या नावाने कारभार चालविला. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बालकास पेशवाईची वस्त्रे मिळाली. रघुनाथरावांचा हक्क जन्माने गेला. एअर प्रिझम्प्टिव्ह म्हणजे काय, हे कोशातील कोणत्याही अर्थापेक्षा पुरंदरचा हा प्रसंग अधिक चांगले सांगतो. या शब्दाला ‘संभाव्य’ किंवा ‘आनुमानिक’ वारस असे म्हणावे. युवराज तो खचित नव्हे. खरे म्हणजे आपल्याकडे युवराज ही पदवी मिळाली तरी गादी निश्चित होत नसे. १६७४ च्या राज्याभिषेकप्रसंगी संभाजीराजे युवराज ठरले होते. तरीही १६८० साली थोरल्या महाराजांच्या निधनानंतर काही मंत्र्यांनी राजारामांना मंचकावर बसविलेच, आणि संभाजीराजांना रायगड ताब्यात घेऊन आपला हक्क सिद्ध करावा लागला.

‘प्रिटेंडर’ हा शब्द याहूनही फसवा. शाळेत ‘प्रिटेंड’ म्हणजे सोंग करणे असे शिकलेला विद्यार्थी त्याचे भाषांतर ‘ढोंगी’ किंवा ‘तोतया’ असे करून टाकतो. परंतु हा शब्द ज्या फ्रेंच धातूवरून आला त्याचा अर्थ हक्क सांगणे असा आहे. इंग्लंडचा पदच्युत राजा दुसरा जेम्स याचा मुलगा ‘ओल्ड प्रिटेंडर’ म्हणून प्रसिद्ध आहे आणि १७४५ साली स्कॉटलंडात बंड उभारणारा त्याचा नातू ‘यंग प्रिटेंडर’ म्हणून. दोघेही खरोखरीचे राजवंशज होते. त्यांचा दावा पार्लमेंटास मान्य नव्हता, इतकेच. त्यांना हिंदीत ‘दावेदार’ म्हणावे. तोतया वेगळा. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव घेऊन जो पुढे आला, ज्याच्या पाठीशी काही काळ कोकणातील किल्ले व माणसे उभी राहिली आणि ज्याला १७७६ साली पुण्यात देहान्त शासन झाले, तो तोतया. एकाच पुरुषाला कोणी दावेदार व कोणी तोतया म्हणण्याचेही प्रसंग आले आहेत. शाहू महाराजांच्या मागे गादीवर आलेल्या रामराजास ताराबाईंनी प्रथम आपला नातू म्हणून पुढे आणिले आणि थोड्याच दिवसांत हा आपला नातू नव्हेच असे जाहीर केले. अशा ठिकाणी कोशकाराने काय करावे?

‘रीजंट’ शब्दाची गोष्ट थोडक्यात सांगून पुढे जाऊ. हिंदीत त्यास ‘प्रतिशासक’ किंवा ‘राजप्रतिनिधि’ म्हणतात. मराठी वाचकाने दुसऱ्या शब्दापासून सावध राहावे. राजारामांनी जिंजीस असताना निर्माण केलेले ‘प्रतिनिधी’ हे पद वेगळे. ते वंशपरंपरा चालले आणि पुढे औंध संस्थानाच्या रूपाने टिकले. शिवाय इंग्रजी अमदानीत व्हाइसरॉयलाही राजप्रतिनिधी म्हणत. अज्ञान राजाच्या नावाने जो राज्य चालवितो त्याला आमच्या मते ‘राजपालक’ म्हणणे बरे, आणि ताराबाईंसारख्या बाईंच्या बाबतीत तर ‘राज्य चालविले’ एवढे साधे म्हटले तरी काही उणे पडत नाही.

आता मुख्य विषयाकडे वळू. इंग्रज कंपनीने मराठी संस्थानिकांशी जे तह केले त्यांतून ‘एअर्स अँड सक्सेसर्स’ हे दोन शब्द जोडीने येतात. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने साताऱ्याचे राज्य छत्रपती प्रतापसिंह यांना व त्यांच्या ‘एअर्स अँड सक्सेसर्स’ना निरंतर दिले होते. प्रतापसिंहांना १८३९ साली पदच्युत करून त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसविण्यात आले. प्रतापसिंहांची कैफियत घेऊन रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि तेथे तेरा-चौदा वर्षे त्यांनी ती चिकाटीने चालविली, हे आपल्या वाचकांस ठाऊक आहेच. शहाजी ५ एप्रिल १८४८ रोजी वारले. मृत्यूपूर्वी काही तास त्यांनी शास्त्रोक्त विधीने दत्तक घेतला होता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क आणि साताऱ्याचे रेसिडेंट बार्टल फ्रिअर या दोघाही इंग्रज अधिकाऱ्यांनी दत्तक मान्य करावा असाच अभिप्राय दिला. परंतु गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांचे मत असे पडले की, तहातील ते दोन शब्द नेहमीच्या अर्थाने वाचले पाहिजेत, आणि नेहमीच्या अर्थाने त्यांत औरस वंशजांखेरीज कोणाचा समावेश होत नाही. सातारा खालसा झाला.

‘नेहमीच्या अर्थाने’ म्हणजे कोणाच्या नेहमीच्या अर्थाने? हा प्रश्न येथे विचारला पाहिजे. इंग्रजी कायद्याच्या जुन्या पंडितांचे एक सूत्र होते की, वारस निर्माण करणे हे केवळ परमेश्वराच्या हाती आहे, मनुष्याच्या नव्हे. ज्याच्या अंगी रक्त तोच वारस. इंग्लंडात दत्तक घेण्याला कायद्याची मान्यता १९२६ सालापर्यंत नव्हतीच. तेव्हा इंग्रजी कायद्यात वाढलेल्या मनुष्याला ‘एअर’ शब्दात दत्तक पुत्र दिसू नये, हे स्वाभाविक होते. उलट आपल्या धर्मशास्त्रात दत्तक हा पुत्रांच्या प्रकारांपैकी एक प्रकारच आहे. विधी झाला की तो पुत्र झाला, मग पिंडदान आणि दाय ही दोन्ही त्याच्याकडे आली. आणि हे इंग्रजांस माहीत नव्हते असेही नाही. ‘दत्तकमीमांसा’ व ‘दत्तकचंद्रिका’ या ग्रंथांचे सदरलँडकृत इंग्रजी भाषांतर १८२१ सालीच छापून निघालेले होते. डलहौसी यांनी दत्तकाचा धार्मिक व खाजगी भाग मान्य केला आणि राज्याचा भाग तेवढा नाकारला. एकाच पुत्राचे असे दोन तुकडे करण्याची युक्ती साताऱ्यात निघाली आणि झाशीत ती पुरी राबविली गेली.

झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी, २० नोव्हेंबर १८५३ रोजी, आपल्या कुळातील पाच वर्षांचा मुलगा दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेविले. मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन हे दोन इंग्रज अधिकारी त्या वेळी समक्ष हजर होते. कंपनीने १८१७ साली रामचंद्ररावांशी केलेल्या तहात झाशीचे राज्य त्यांना व त्यांच्या ‘एअर्स अँड सक्सेसर्स’ना वंशपरंपरा चालावे असे कलम होते. हे इंग्रजी शब्द. फारसीत त्याच कलमात ‘वारिसान’ व ‘जानशीनान’ असे दोन शब्द होते. बुंदेलखंडातील राजेरजवाड्यांना तह वाचावयाचा तो या फारसी शब्दांतूनच.

१८५४ च्या फेब्रुवारीत राणी लक्ष्मीबाईंनी गव्हर्नर जनरलला जो खलिता पाठविला, त्यात दयेची याचना नाही. त्यात या दोन शब्दांचा अर्थ सांगितला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : ‘वारिसान’ हा शब्द औरस किंवा भाऊबंदकीतील रक्ताच्या वारसांपुरता आहे, ‘जानशीनान’ हा शब्द त्याहून निराळा असून, तसा वारस नसल्यास जो दत्तक घेऊन मागे बसविला जातो त्याला उद्देशून आहे. तह करताना एकेक शब्द तोलून घातला जातो. मग दुसरा शब्द पहिल्याच अर्थाचा असता तर तो घालण्याचे प्रयोजन काय होते?

हा युक्तिवाद आम्हांस फार मोलाचा वाटतो. ‘वारिस’ हा शब्द अरबी. मुसलमानी कायद्यात वारिसांचे हिस्से ठरलेले असतात आणि दत्तकाला त्यात स्थान नाही. अर्थात फारसी मसुद्यात एकटा ‘वारिस’ लिहिला असता तर दत्तक बाहेर राहिला असता, हे राणीने स्वतःच मान्य केल्यासारखे आहे. ‘जानशीन’ हा शब्द मात्र शुद्ध फारसी. ‘जा’ म्हणजे जागा, ‘नशीन’ म्हणजे बसणारा. परदानशीन, मसनदनशीन हे शब्द आपल्याही कानांवरून गेलेले आहेत. जागेवर बसणारा रक्ताचा असो वा विधीने आणलेला असो, त्या शब्दाला त्याचे सोयरसुतक नाही. राणीने शब्दाच्या व्युत्पत्तीवरच बोट ठेविले, आणि आमच्या मते ते योग्य ठिकाणी ठेविले. लढवय्या राणीची चित्रे घरोघर आहेत. हा खलिता मात्र फारसा कोणी वाचीत नाही, याचे आम्हांस वाईट वाटते.

कंपनीची बाजू सर्वस्वी पोकळ होती असेही नव्हे, आणि इतिहास लिहिताना ती सांगितली पाहिजे. झाशीकर हे मुळात पेशव्यांचे सुभेदार. पेशवाई बुडाल्यावर पेशव्यांचे हक्क कंपनीकडे आले. म्हणून हे स्वतंत्र राज्य नसून आश्रित संस्थान आहे, आणि आश्रिताच्या दत्तकास धन्याची संमती लागते, असे डलहौसींचे म्हणणे. शिवाय १८३५ साली रामचंद्रराव वारले तेव्हाही त्यांचा दत्तक नाकारून चुलते रघुनाथराव यांना गादी दिली होती, हा दाखला त्यांच्यापाशी होता. याला उलट उत्तर मेजर एलिस यांच्याच लेखणीतून आले. शेजारच्या ओर्छा संस्थानाचा दत्तक कंपनीने मान्य केला होता, मग तहाचे शब्द सारखे असता झाशीला वेगळा न्याय का, असे त्यांनी विचारले. ओर्छा पुरातन राज्य आणि झाशी मागून झालेले, असा भेद करण्यात आला. तहातील शब्दांचा प्रश्न त्यामुळे सुटला नाही. तो बाजूस सारला गेला.

निकाल काय लागला हे सर्वश्रुत आहे. दामोदरराव गंगाधररावांच्या खाजगी मालमत्तेचे वारस ठरले, राज्याचे ठरले नाहीत. म्हणजे ‘वारिस’ हा शब्द त्यांना मिळाला आणि ‘जानशीन’ हिरावला गेला. राणीच्या व्याख्येच्या नेमके उलट! राणीस दरमहा पाच हजारांचे वेतन नेमले. मुलाच्या नावचे सहा लाख रुपये तो वयात येईपर्यंत सरकारात ठेविले, आणि त्याच्या मुंजीसाठी त्यातील एक लाख मागितले तेव्हा राणीला जामीन द्यावे लागले. १८५८ नंतर दामोदररावांनी हालअपेष्टा सोसून १८६० साली इंग्रजांच्या स्वाधीन होणे पत्करले आणि पुढील आयुष्य इंदुरास काढले. ते १९०६ साली वारले.

नागपूरकर भोसल्यांचे राज्यही त्याच १८५४ साली गेले. तेथे राजाने हयातीत दत्तक घेतलेला नव्हता. सत्तावन्नच्या उठावानंतर सरकारचे मत पालटले. लॉर्ड कॅनिंग यांनी १८६२ साली संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. या पालटाचे फळ आपण सर्वांनी भोगले आहे. १८७५ साली मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर खंडेरावांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा गोपाळराव नावाचा मुलगा दत्तक घेतला. तोच तिसरा सयाजीराव. १८८४ साली कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव कोल्हापुरास दत्तक आले. तेच राजर्षी शाहू. डलहौसींचा अर्थ कायम राहिला असता तर शिक्षणाच्या व समाजसुधारणेच्या बाबतीत ज्यांची नावे आपण नेहमी घेतो त्या दोन राजांपैकी एकही गादीवर दिसला नसता.

सयाजीरावांना शब्दांचे महत्त्व कळत होते, याचा पुरावा म्हणजे त्यांच्या प्रेरणेने १९३१ साली बडोद्यास प्रसिद्ध झालेला ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरु’. राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी व बंगाली अशा सात भाषांत पर्याय त्यात मांडलेले आहेत. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी सिद्ध केलेल्या राज्यव्यवहारकोशाची ही पुढली पायरी म्हणावयास हरकत नाही. त्या जुन्या कोशात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते. मुजुमदाराचा अमात्य आणि डबिराचा सुमंत झाला तो त्याच काळात. दोन्ही कोश राज्य चालविणाऱ्यांनी करविले, आणि म्हणून त्यांत नुसती शब्दांची अदलाबदल नाही.

स्वातंत्र्यानंतर हे काम हिंदीकडे आले. राज्यघटनेच्या हिंदी पाठात ‘रूलर’ला ‘शासक’, ‘प्रिव्ही पर्स’ला ‘निजी थैली’ असे शब्द योजले गेले. आपण मराठीत ‘तनखा’ म्हणत राहिलो, आणि आम्हांस तोच शब्द सरस वाटतो. ‘सक्सेसर’ला मात्र ‘उत्तराधिकारी’च मिळाला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमातही तोच शब्द आहे. गंमत अशी की त्याच अधिनियमाच्या पाचव्या कलमाने, संस्थानिकांनी भारत सरकारशी केलेल्या करारान्वये एकाच वारसाकडे जाणारी मिळकत अधिनियमाबाहेर ठेविली. म्हणजे जानशीनाची जुनी कल्पना शब्द जाऊनही कायद्यात एका कोपऱ्यात शिल्लक राहिली. १९७१ सालच्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे रद्द झाले. घराणी उरली, जागा उरली नाही. १९५६ च्याच दत्तकविषयक अधिनियमाने स्त्रियांना स्वतःच्या हक्काने दत्तक घेण्याचा आणि मुलगीही दत्तक घेण्याचा अधिकार दिला.

सभासदांना एक विनंती आहे. ज्यांच्या घरी बुंदेलखंड, माळवा किंवा वऱ्हाड-नागपूरकडील वतनाच्या, इनामाच्या अथवा दत्तकाच्या जुन्या फारसी वा मोडी सनदा असतील त्यांनी त्यात ‘वारिस’, ‘जानशीन’, ‘औलाद-अफलाद’, ‘पुत्रपौत्रादी’ यांपैकी कोणते शब्द आहेत ते जाणकाराकडून वाचवून घ्यावे आणि त्या ओळीची नक्कल मूळ लिपीतच संस्थेच्या कार्यालयाकडे पाठवावी. इंग्रजी भाषांतर तेवढे पाठवू नये. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत अशा नकलांना जागा देण्याचा विचार आहे.